सन्मानित चित्रपुस्तक आणि बालवाचकाचा अधिकार

१

अमेरिकेतील प्राथमिक शाळांच्या ग्रंथालयांत काही चित्रपुस्तकांच्या मुखपृष्ठावर सोनेरी रंगाची एक वर्तुळाकार मुद्रा आढळते. ही मुद्रा कॅल्डेकॉट पदकाची. तिच्यावर एक घोडेस्वार कोरलेला आहे. घोडा उधळलेला आहे आणि स्वाराचा त्याच्यावर ताबा उरलेला नाही. मूळ चित्र एकोणिसाव्या शतकातील इंग्रज चित्रकार रँडॉल्फ कॅल्डेकॉट यांचे. फ्रेडरिक मेल्चर यांच्या सूचनेवरून १९३७ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघटनेने हे पदक स्थापन केले आणि १९३८ पासून ते आदल्या वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या सर्वांत उल्लेखनीय चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला दरवर्षी दिले जाते. निवड समितीत पंधरा सदस्य असतात. ते सर्व प्रौढ असतात आणि त्यांची चर्चा गोपनीय राहते. बाहेर येतो तो केवळ निवाडा, आणि त्या निवाड्याची खूण म्हणजे ही मुद्रा.

ही खूण वर्गात येते तेव्हा काय घडते? शिक्षिका खुर्चीवर बसते, मुले तिच्यासमोर जमिनीवर बसतात, पुस्तक मुलांच्या दिशेने उघडे धरले जाते. पहिले पान उलटण्यापूर्वीच बहुधा सांगून टाकले जाते की, हे पुस्तक पदक मिळवलेले आहे. सांगण्यामागचा हेतू चांगलाच असतो. मुलांचे लक्ष वेधावे, उत्तम ते त्यांच्यापर्यंत पोहोचावे, एवढीच इच्छा असते. तथापि या एका वाक्याने पुढील वाचनाचे स्वरूप बदलते. पुस्तक चांगले आहे की नाही हा प्रश्न मुलांनी ते पाहण्यापूर्वीच निकालात निघालेला असतो. यानंतर एखाद्या मुलाला पुस्तक आवडले नाही, तर ते न आवडणे पुस्तकाविषयीचे विधान राहत नाही. त्या मुलाविषयीचे विधान होऊन बसते. पुस्तक उत्तम आहे हे ठरलेले असल्यामुळे उणीव मुलातच असली पाहिजे, असा निष्कर्ष कोणी न उच्चारताही काढला जातो.

मराठीत 'वाटणे' या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. पुस्तके वाटली जातात आणि पुस्तकांविषयी काही वाटते. पहिल्या अर्थाने वाटण्याची व्यवस्था शाळा, ग्रंथालये आणि पुरस्कार देणाऱ्या संस्था मोठ्या निष्ठेने करतात. दुसऱ्या अर्थाचे वाटणे ज्याचे त्याने करावयाचे असते. ते दुसऱ्याच्या वतीने करता येत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय या दोन अर्थांमधील अंतर हा आहे. एकाने केलेले मूल्यमापन दुसऱ्याच्या, तेही वयाने, बळाने आणि शब्दसंपत्तीने दुबळ्या असलेल्या दुसऱ्याच्या हाती देणे नैतिक दृष्ट्या कितपत समर्थनीय आहे? आणि समर्थनीय असेल तर कोणत्या अटीवर?

२

या प्रश्नाचा पहिला पदर मूल्यनिकषांसंबंधी आहे. कॅल्डेकॉट पदकाच्या नियमावलीत स्पष्ट म्हटलेले आहे की, हे पदक बोधपर हेतूसाठी किंवा लोकप्रियतेसाठी नाही. ते चित्ररूप मांडणीच्या गुणवत्तेसाठी आहे. चित्रांनी सजवलेले पुस्तक आणि चित्रपुस्तक यांतही ही नियमावली भेद करते. चित्रपुस्तकातून मुलाला मूलतः दृश्य अनुभव मिळाला पाहिजे आणि कथासूत्र वा आशय चित्रांच्या मालिकेतून एकसंधपणे उलगडला पाहिजे, अशी तिची अपेक्षा आहे. रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) कलाविचाराच्या अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी अशा ज्या दोन ध्रुवांची मांडणी केली, त्या परिभाषेत सांगायचे तर पदकाचा निकष पहिल्या ध्रुवाकडे झुकलेला आहे. कलाकृतीने काही शिकवावे, काही उपयोगाचे घडवावे, ही मागणी तो दूर ठेवतो.

शाळा ही संस्था मात्र दुसऱ्या ध्रुवावर उभी असते. तिला वेळापत्रक आहे, अभ्यासक्रम आहे, परीक्षा आहे. त्यामुळे अलौकिकतावादी निकषाने निवडलेले पुस्तक वर्गाच्या उंबरठ्यावर येताच लौकिकतावादी कामाला जुंपले जाते. त्यातून शब्दसंग्रह वाढवला जातो, मैत्री किंवा प्रामाणिकपणा या विषयावरील पाठ काढला जातो, अनुमान करण्याचे कौशल्य तपासले जाते. लुईझ रोझेनब्लॅट यांनी १९८० मध्ये लिहिलेल्या एका लेखाच्या शीर्षकातच या प्रवृत्तीवर नेमके बोट ठेवले आहे. तिसरीच्या एका स्वाध्यायपुस्तिकेत कवितेखाली प्रश्न होता तो असा की, या कवितेतून तुम्हांला कोणती तथ्ये समजतात. वाचून संपल्यावर बरोबर काय न्यायचे यावर लक्ष ठेवून केलेले वाचन आणि वाचत असताना काय अनुभवले जाते यावर लक्ष ठेवून केलेले वाचन, असा भेद त्यांनी केला होता. कविता दुसऱ्या प्रकारच्या वाचनासाठी असताना प्रश्न पहिल्या प्रकारचा विचारला जातो आणि मूल हळूहळू तेच वाचन खरे असे समजू लागते. 'या गोष्टीपासून काय बोध मिळतो?' या प्रश्नावर वाढलेल्या मराठी वाचकाला ही तक्रार परकी वाटणार नाही.

येथपर्यंतचा आक्षेप शाळेवरचा आहे आणि तो परिचित आहे. अधिक अवघड प्रश्न यापुढे आहे. समजा, शिक्षिकेने बोध काढला नाही, स्वाध्याय दिला नाही, पुस्तक केवळ आस्वादासाठी वाचले. तरीही मुद्रा राहतेच. हे सुंदर आहे, असे कोणीतरी आधी म्हणून ठेवलेले आहे. अशा वेळी मुलाने घेतलेला आस्वाद त्याचा स्वतःचा असतो काय?

कांटने आपल्या सौंदर्यविषयक मीमांसेत (१७९०) या प्रश्नाचा विचार एका तरुण कवीच्या उदाहरणाने केला आहे. आपली कविता सुंदर आहे अशी त्या कवीची खात्री आहे. वाचकांचे आणि मित्रांचे मत विरुद्ध असले तरी ते त्याला पटत नाही. पुढे सरावाने त्याची निर्णयशक्ती तीक्ष्ण होते तेव्हा तो आपणहून पूर्वीचे मत सोडतो. लोकांना खूश करण्यासाठी त्याने मत आधीच बदलले असते, तर तो अभिरुचीचा निर्णय ठरला नसता. अभिरुचीचा निर्णय उसना घेता येत नाही. तो चुकीचा असू शकतो, अपरिपक्व असू शकतो, पण तो ज्याचा त्याचाच असावा लागतो. शंभर जणांनी सुंदर म्हटले म्हणून सुंदर म्हणणारा माणूस सौंदर्याविषयी काहीच म्हणत नसतो. तो त्या शंभर जणांविषयी बोलत असतो.

मग श्रेष्ठ कृतींचे आदर्श समोर ठेवण्याला काहीच अर्थ नाही काय? कांट तसे म्हणत नाही. पूर्वसूरींच्या निर्मितीचा पुढील पिढीवर जो प्रभाव पडतो त्याला तो अनुकरण न म्हणता अनुगमन म्हणतो. अनुकरण करणारा आदर्शाची उत्तरे घेतो. अनुगमन करणारा आदर्शाने ज्या उगमातून पाणी घेतले त्याच उगमाशी जाऊन स्वतःची ओंजळ भरतो. सन्मानित पुस्तकाचे वर्गातील स्थान ठरवताना हा भेद कळीचा आहे. मुद्रा जर उत्तर म्हणून दिली गेली तर ती अनुकरण शिकवते. ती जर प्रश्न म्हणून दिली गेली, म्हणजे पंधरा माणसांना या पानांत काहीतरी विशेष दिसले, ते काय असावे आणि ते तुम्हांला दिसते का, असे विचारले गेले, तर ती अनुगमनाचे आमंत्रण ठरते.

३

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. निर्णय करण्याचा अधिकार त्यासाठी तयार असलेल्याला असतो. आपल्या परंपरेत ग्रंथाच्या आरंभी त्याचा अधिकारी कोण हे सांगण्याची प्रथा होती, आणि अभिनवगुप्ताचा सहृदय म्हणजे काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झालेला आहे असा रसिक. सहा-सात वर्षांच्या मुलाजवळ असे परिशीलन कोठून असणार? त्याचे 'आवडले' आणि 'नाही आवडले' हे कांटच्याच भाषेत केवळ रुचण्याचे, सुखदतेचे उद्गार आहेत. ते सौंदर्याचे निर्णय नव्हेत. मग जो निर्णय मूल करूच शकत नाही, तो त्याच्यावर लादला जातो असे म्हणण्यात काय अर्थ?

शब्दांच्या साहित्याबाबत हा आक्षेप बराचसा खरा आहे. चित्रपुस्तकाबाबत तो तितकासा खरा नाही, आणि याचे कारण या साहित्यप्रकाराच्या घडणीतच आहे. चित्रपुस्तकाचे सामूहिक वाचन ही श्रमविभागणी असते. प्रौढ शब्द वाचतो. मूल चित्र वाचते. वाचणाऱ्याचे डोळे ओळींवर खिळलेले असतात, ऐकणाऱ्याचे डोळे मोकळे असतात. परिणामी पानावर जे आहे त्यातील मोठा भाग प्रौढाच्या नजरेतून सुटतो आणि मुलाला दिसतो. शब्द व चित्र परस्परांची पुनरुक्ती करीत असतील तर याने फारसे बिघडत नाही. पण उत्तम चित्रपुस्तके बहुधा तसे करीत नाहीत. शब्द एक सांगतात, चित्र दुसरे दाखवते आणि अर्थ त्या दोहोंमधल्या फटीत असतो.

१९९६ चे कॅल्डेकॉट पदक मिळालेले पेगी रॅथमन यांचे 'ऑफिसर बकल अँड ग्लोरिया' हे पुस्तक याच फटीवर उभे आहे. ऑफिसर बकल हा पोलीस शाळांतून सुरक्षिततेवर व्याख्याने देतो आणि मुले झोपी जातात. मग ग्लोरिया नावाची पोलिसी कुत्री त्याच्याबरोबर व्यासपीठावर येऊ लागते. तो एकेक सूचना वाचतो आणि ती त्याच्या पाठीमागे त्या सूचनेतील अपघाताचा अभिनय करून दाखवते. मुले हसतात, टाळ्या वाजवतात. आपल्या बोलण्याचाच हा प्रभाव, अशी बकलची समजूत होते. तो वळून पाहतो तेव्हा ग्लोरिया शहाण्यासारखी स्तब्ध बसलेली असते. पुढे दूरचित्रवाणीच्या बातम्यांत तो स्वतःचे व्याख्यान पाहतो आणि त्याला सत्य कळते. दुखावलेला बकल जायचे थांबवतो. ग्लोरिया एकटी जाते, पण एकटीला काहीच सुचत नाही. तीही झोपते आणि प्रेक्षकही. शेवटी दोघांना एकमेकांची गरज कळते.

हे पुस्तक मोठ्याने वाचणारी शिक्षिका नकळत बकलच्या जागी उभी असते. ती शब्द वाचते आणि मुले तिच्या हातातील चित्रात दुसरेच काही पाहून हसतात. आपल्या वाचनाला मुले दाद देत आहेत असे तिला वाटण्याची शक्यता आहे. सन्मानित पुस्तक वाचून दाखवणाऱ्या प्रत्येक प्रौढावरचे हे प्रेमळ भाष्य आहे. मुले दाद देतात, पण ती कशाला देतात हे वळून पाहिल्याशिवाय कळत नाही. पुस्तकाचा शेवट आणखी एक गोष्ट सांगतो. ग्लोरिया एकटी पुरेशी नाही. मुलांना त्यांच्या नजरेवर सोडून देऊन प्रौढाने निघून जाणे हे उत्तर नव्हे. शब्द आणि चित्र जसे, तसे वाचणारा आणि पाहणारा परस्परांवाचून अपुरे आहेत.

जॉन क्लासेन यांच्या 'धिस इज नॉट माय हॅट' या पुस्तकाला २०१३ चे कॅल्डेकॉट पदक आणि २०१४ चे ब्रिटनमधील केट ग्रीनअवे पदक मिळाले. येथे ही फट नैतिक होते. एका छोट्या माशाने झोपलेल्या मोठ्या माशाची टोपी चोरली आहे आणि सबंध मजकूर म्हणजे त्याचे स्वगत. मोठा मासा जागा होणार नाही असे तो म्हणतो. चित्रात मोठ्या माशाचा डोळा उघडलेला असतो. आपल्याला पाहणारा खेकडा कोणाला सांगणार नाही याची त्याला खात्री आहे. चित्रात खेकडा दिशा दाखवत असतो. दोघेही दाट पाणवनस्पतींत शिरतात. त्यानंतर शब्द थांबतात आणि मोठा मासा टोपी घालून परत येतो. आत काय झाले हे पुस्तक सांगत नाही. चोराला खाल्ले की सोडून दिले, शिक्षा झाली की सूड घेतला गेला, ही उत्तरे पाहणाऱ्याने द्यायची. शिक्षिकेकडे येथे मुलापेक्षा अधिक माहिती नाही. तिच्याजवळ अनुभव आहे, पण पानावरचा पुरावा दोघांसमोर सारखाच आहे.

'अधिकारी' या संकल्पनेचा येथे नव्याने विचार करावा लागतो. साहित्यकृतीविषयीचे मत केवळ रुचीच्या पातळीवरून निर्णयाच्या पातळीवर येते ते त्याच्या आधाराने. 'मला आवडले' याला आधार लागत नाही. 'हे चांगले आहे, पाहा' यातील 'पाहा' हा शब्द मात्र दुसऱ्याला बोलावतो. दुसऱ्यानेही ते पाहून मान्य करावे असा दावा करतो. शब्दांच्या कृतीत हा आधार देण्यासाठी समीक्षेची भाषा लागते आणि ती मुलाजवळ नसते. चित्रात मात्र आधारावर अक्षरशः बोट ठेवता येते. 'त्याचा डोळा बघा' एवढे म्हणून चित्रावर बोट टेकवणारे मूल पुराव्यासह निर्णय करीत असते आणि तो निर्णय इतरांनी तपासावा म्हणून खुला करीत असते. ब्रिटनमध्ये एव्हलिन अरिझ्पे आणि मोराग स्टाइल्स यांनी 'चिल्ड्रन रीडिंग पिक्चर्स' (२००३) या ग्रंथात प्राथमिक शाळेतील मुलांच्या चित्रवाचनाचा जो अभ्यास मांडला, त्यात छापील मजकूर वाचताना अडखळणारी किंवा इंग्रजी ही घरची भाषा नसलेली मुलेही चित्रांतील सूक्ष्म अर्थ उलगडताना दिसतात. चित्रपुस्तकाच्या अधिकाऱ्याची पात्रता साक्षरतेने ठरत नाही, ती लक्षपूर्वक पाहण्याने ठरते. या कसोटीवर मूल अनधिकारी ठरत नाही. पुष्कळदा प्रौढच ठरतो.

४

दुसरा आक्षेप व्यवहारातला आहे आणि तो अधिक वजनदार आहे. मुलांनाच ठरवू द्यावे असे म्हणणे ऐकायला उदार वाटते. प्रत्यक्षात मुलांच्या आवडीची जागा रिकामी राहत नाही. प्रौढ समीक्षक मागे सरला की त्या जागेवर जाहिरात येते, दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय पात्रांची चित्रे छापलेली पुस्तके येतात. ज्या घरांत पुस्तके आहेत, त्या घरांतील मुलाला निवडीचे थोडेफार स्वातंत्र्य असते. ज्या घरांत ती नाहीत, त्या मुलाला शाळेने आणलेले पुस्तक हेच पहिले पुस्तक असते. अशा मुलापुढे उत्तमातले उत्तम न ठेवणे ही तटस्थता नसून उपेक्षा आहे.

हा आक्षेप मान्यच केला पाहिजे. पण त्यातून निघते ते निवडीचे समर्थन, निवाडा लादण्याचे नव्हे. या दोन कृती वेगळ्या आहेत. निवड अटळ आहे. कोणते पुस्तक कपाटात येईल हे कोणीतरी ठरवणारच, आणि ते विचारपूर्वक ठरवावे हे कर्तव्य आहे. निवाडा मात्र राखून ठेवता येतो. पंक्तीत उत्तम पदार्थ वाढणे हे यजमानाचे काम. तो गोड लागला असे पाहुण्याच्या वतीने जाहीर करणे हे त्याचे काम नव्हे.

निवाडा राखून ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. मुद्रा सोनेरी असली तरी निवाडा माणसांचा असतो, आणि माणसांच्या निवाड्याला काळ तपासतो. रॉबर्ट लॉसन यांच्या 'दे वेअर स्ट्राँग अँड गुड' या पुस्तकाला १९४१ चे पदक मिळाले. लेखकाच्या आईवडिलांच्या आणि आजीआजोबांच्या या कथेत मूळ अमेरिकन लोकांविषयी आणि गुलामीविषयी अशी भाषा होती की पुढील आवृत्तीत काही शब्द बदलावे लागले. मॉड आणि मिस्का पीटरशॅम यांच्या १९४६ च्या सन्मानित पुस्तकातून कृष्णवर्णीय मुलांची साचेबंद चित्रे नंतर वगळण्यात आली. पुस्तके बदलली, मुद्रा तशीच राहिली. त्या समितीतील माणसे दुष्ट होती असे नव्हे. त्यांना जे दिसत नव्हते ते त्यांच्या काळातील बहुसंख्य प्रौढांना दिसत नव्हते. पण त्याच काळात त्या वर्गांत बसलेल्या एखाद्या कृष्णवर्णीय मुलाला ते दिसत नसेल काय? त्याला दिसले असेल तर ते बोलण्याची जागा मुद्रेने त्याच्यासाठी ठेवली होती काय? मुलांना निवाड्याचा अधिकार देण्याचा प्रश्न येथे केवळ शिक्षणपद्धतीचा राहत नाही, तो न्यायाचा होतो.

नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ मध्ये केलेली पाहणी या संदर्भात महत्त्वाची आहे. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत प्रसिद्ध झालेल्या ५,२०६ बालपुस्तकांपैकी केवळ ३४९ पुस्तकांत, म्हणजे ६.७ टक्क्यांत, एक तरी कृष्णवर्णीय व्यक्ती आढळली. लेखाचा आरंभ एका पाच वर्षांच्या मुलीच्या प्रश्नाने होतो. पुस्तकांत नेहमी गोरीच मुले का असतात, असे तिने विचारले होते. पाहणीतील आकडे नंतरचे. त्यांची दिशा दाखवणारा प्रश्न एका बालवाचकाचा होता.

याच काळात, १९६३ मध्ये, एझ्रा जॅक कीट्स यांच्या 'द स्नोई डे'ला पदक मिळाले. पीटर नावाचा कृष्णवर्णीय मुलगा बर्फ पडलेल्या दिवशी बाहेर जातो, पावलांचे ठसे उमटवतो, खिशात बर्फाचा गोळा ठेवून घरी येतो. त्याच्या वर्णाविषयी मजकुरात एकही शब्द नाही. चित्रात तो दिसतो एवढेच. लॅरिक यांनी या मौनावर आणि आईच्या चित्रणावर टीका केली. इतर अनेकांना त्या मौनातच पुस्तकाचे मोठेपण जाणवले. सन्मानित पुस्तकाविषयी जाणत्या प्रौढांमध्ये इतका मूलभूत मतभेद असू शकतो, हे मुलांपासून का लपवावे? मुद्रेमागचा निर्णय एकमुखी वाटतो तो केवळ त्यामागची चर्चा गोपनीय असते म्हणून.

प्रौढाची चूक उलट दिशेनेही होते. मॉरिस सेंडाक यांच्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' (१९६३) या पुस्तकाला १९६४ चे पदक मिळाले. १९६९ मध्ये बालमानसशास्त्रज्ञ ब्रूनो बेटेलहाइम यांनी एका मासिकातील सदरात त्यावर टीका केली. आईने मुलाला उपाशी झोपायला पाठवणे ही गोष्ट लहान मुलाच्या मनात परित्यागाची भीती जागवील, असा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप त्यांनी पुस्तक न वाचता, मातांनी केलेल्या वर्णनावरून घेतला होता. वाचले असते तर त्यांना दिसले असते की, मॅक्सचा राग वाढतो तशी पानावरील चित्राची चौकट मोठी होत जाते, धिंगाण्याच्या तीन जोडपानांवर शब्दच उरत नाहीत, आणि मॅक्स परतू लागतो तसे चित्र पुन्हा आकसू लागते. घरी जेवण वाट पाहत असते आणि ते अजून गरम असते, हे सांगणाऱ्या शेवटच्या पानावर तर चित्रच नाही. आईचे प्रेम या पुस्तकात कोठेही चित्रित केलेले नाही, ते गृहीत धरलेले आहे. पुढे १९७६ मध्ये परीकथांतील भीतिदायक अंशांचे मोठे समर्थन याच बेटेलहाइम यांनी केले, हा योगायोग बोलका आहे. मुलांच्या वतीने घातलेली बंदी आणि मुलांच्या वतीने दिलेला पुरस्कार यांत एक साम्य आहे. दोन्ही प्रसंगी मूल हजर नसते.

५

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. पुरस्कारप्राप्त पुस्तक मुलांना देणे समर्थनीय आहे, पण पुस्तकाबरोबर त्याविषयी निर्णय करण्याचा अधिकारही दिला जावा, या अटीवर. ही अट बोलायला सोपी आणि पाळायला कठीण आहे. शिक्षिकेला आपला उत्साह काही काळ आवरावा लागतो. एडन चेंबर्स यांनी 'टेल मी' (१९९३) या पुस्तकात सुचवलेली पद्धत येथे उपयुक्त आहे. काय आवडले, काय आवडले नाही, काय कोड्यात टाकणारे वाटले, कोणते आकृतिबंध किंवा दुवे दिसले, असे चार साधे प्रश्न ते मुलांपुढे ठेवतात. विशेष म्हणजे 'का?' हा प्रश्न ते टाळतात. त्या एका अक्षरात मुलाला उलटतपासणीचा वास येतो. त्याऐवजी 'मला सांग' असे म्हटले की विचारणारा खरोखर जाणून घेऊ इच्छितो असे दिसते. नैतिक फरक कधीकधी एवढ्या लहान शब्दात असतो.

अमेरिकेतील काही शाळांत पदक जाहीर होण्यापूर्वी त्या वर्षीची पुस्तके मुलांपुढे ठेवली जातात; मुले निकष वाचतात, पुस्तके पाहतात, वाद घालतात आणि स्वतःचे पदक देतात. नंतर खरा निकाल येतो तेव्हा तो त्यांच्या निकालाशी जुळतोच असे नाही. या उपक्रमाची किंमत जुळण्यात नाही. स्वतः निवाडा केलेल्या मुलासाठी मुद्रा ही आज्ञा उरत नाही. आपल्यासारख्याच कोणीतरी घेतलेला, कदाचित चुकलेला, कदाचित आपल्यापेक्षा बारकाईने पाहिलेला निर्णय ठरते. अशा मुलाला 'त्यांना यात काय दिसले असेल?' हा प्रश्न मनापासून पडू शकतो. अनुगमन सुरू होते ते येथून.

आणि सगळ्या वर्गाने पुस्तक नाकारले तर? खरी कसोटी येथे आहे. शिक्षिकेची निष्ठा पुस्तकाशी की मुलांशी, असा पेच उभा राहतो. तिने खोटी तटस्थता पांघरावी असे नाही. तिचेही मत आहे, ते अनुभवाने घडलेले आहे आणि ते सांगण्याचा तिला हक्क आहे. फक्त ते शेवटी सांगावे, वर्गातील आणखी एक मत म्हणून सांगावे, आणि मुलांप्रमाणेच चित्रावर बोट ठेवून सांगावे. कांटचा तरुण कवी पुढे आपणहून मत बदलतो. तो बदल शक्य होतो कारण आधीचे मत त्याचे स्वतःचे होते. ज्याला स्वतःचे मत बाळगू दिले नाही, त्याला ते बदलण्याचीही संधी मिळत नाही.

मराठीतील स्थितीचा येथे एका मर्यादेतच उल्लेख करता येईल. साहित्य अकादेमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो. तो साहित्याचा, म्हणजे लेखकाचा पुरस्कार आहे. २०१४ मध्ये तो माधुरी पुरंदरे यांना एकूण कार्यासाठी मिळाला. त्या स्वतः चित्रकार आहेत, आणि 'राधाचं घर' किंवा 'यश'च्या गोष्टींत लेखन व चित्र एकाच हाताचे असल्याने दोहोंतील नाते आतून घडलेले असते. अशा पुस्तकाचे मूल्यमापन करताना चित्राकडे मजकुराचा अलंकार म्हणून पाहिले, तर मूल जे वाचते तेच नेमके समीक्षेच्या कक्षेबाहेर राहते. मराठी समीक्षेने बालसाहित्याचा विचार संस्कार, बोध आणि भाषा यांच्या अंगाने पुष्कळ केला. पानावरील दृश्याचे वाचन करण्याची परिभाषा तिला अजून पुरती घडवायची आहे. त्या कामात सहा वर्षांच्या वाचकांचे साहाय्य घ्यायला हरकत नसावी.

मुद्रेवरचा घोडा उधळलेला आहे हे आरंभी सांगितले. स्वार घाबरला आहे, भोवतालचे लोक आणि प्राणी वाटेतून पळत आहेत. वर्गात पुस्तक उंच धरले जाते तेव्हा मोठ्यांना मुद्रेचा सोनेरी रंग दिसतो. पुढच्या रांगेतले एखादे मूल जवळ सरकून तो घोडा पाहत असते. त्याने विचारलेच की हा माणूस पडणार का, तर वाचन तेथेच सुरू झालेले आहे, आणि पहिले पान थोडे थांबू शकते.